भोपाळच्या तळ्याकाठी तांडेल

गेल्या अंकात आमचे हे सदर वाचकांस दिसले नाही. काहींनी त्याबद्दल चौकशी केली. एका आजीबाईंनी तर आम्ही आजारी पडलो असे समजून आमच्यासाठी रोझरीही म्हटली, असे कानी आले. त्यांचे मनःपूर्वक आभार मानून आम्हांला कबूल केले पाहिजे, की त्या वेळी आम्ही अगदी धडधाकट होतो, आणि समुद्रापासून फार दूर, भोपाळ शहराच्या गोविंदपुरा या वस्तीत बसून पोहे आणि जिलेबी खात होतो.

तेथे जाण्याचे कारण असे. आमच्या गावचे एक वृद्ध तांडेल सहा महिन्यांपासून गोविंदपुऱ्यास आपल्या मुलाकडे राहत आहेत. (हा मजकूर त्यांना वाचून दाखवून, त्यांची परवानगी घेऊनच आम्ही छापावयास देत आहोत. नाव मात्र त्यांच्या इच्छेनुसार गाळले आहे.) पन्नास वर्षे त्यांनी समुद्रावर काढली. पत्नी निवर्तल्यावर होडी विकली, आणि घरात ते एकटेच राहू लागले. गेल्या जुलैच्या एका रात्री ते पडवीत पाय घसरून पडले, ते सकाळी दूधवाला येईपर्यंत तेथेच पडून होते. दवाखान्यात त्यांना घेऊन जाणाऱ्यांत आम्हीही होतो. त्यानंतर मुलगा आला आणि त्यांना भोपाळास घेऊन गेला.

थोड्याच दिवसांपूर्वी मुलाचे आम्हांस पत्र आले. "बाबा जेवत नाहीत. दिवसभर खिडकीपाशी बसतात. घरी जायचे एवढेच म्हणतात. फादर, तुम्ही एकदा या आणि त्यांना समजावा, की गावचे घर आता बंद केले पाहिजे. तुमचे ते ऐकतील." आम्ही होकार कळविला. पडवीतील ती सकाळ आम्ही पाहिली होती, त्यामुळे मुलाची बाजू आम्हांला पटली होती. गाडीत बसल्यापासून तांडेलांपुढे काय बोलावे, याची आम्ही प्रवचनासारखी तयारी केली होती.

गोविंदपुरा म्हणजे कारखान्याचे गाव. 1956 साली सरकारने येथे विजेची अवजड यंत्रे घडविणारा कारखाना काढण्याचे ठरविले, आणि 6 नोव्हेंबर 1960 रोजी पंडित नेहरूंनी तो राष्ट्रास अर्पण केला. आज त्याला सारे भोपाळ 'भेल' या नावाने ओळखते. कारखान्याबरोबर पिपलानी, बरखेडा, हबीबगंज अशा वसाहती उठल्या. देशाच्या कानाकोपऱ्यांतून कारागीर आले, आणि त्यांत मराठी माणसेही आली. रस्ते रुंद, झाडे मोठी, घरे आखीव. राहावयास उत्तम जागा आहे. तांडेलांनाही तसे वाटत नाही असे नाही. "सगळे चांगले आहे, फादर," ते आम्हांला पहिल्याच संध्याकाळी म्हणाले, "फक्त वारा कुठून येतो ते कळत नाही."

मुलाने रविवारची मोटार ठरविली होती. सकाळचा मिस्सा आटोपून आम्ही निघालो: तांडेल, मुलगा, सूनबाई, दहा वर्षांचा नातू आणि आम्ही. कोपऱ्यावरच्या गाडीवर पोह्यांचा पहिला घाणा उतरत होता. येथील पोह्यांवर बारीक शेव आणि कांदा घालतात, आणि सोबत गरम जिलेबी घेतात. तिखट आणि गोड असे एकाच घासात कसे खावे, हा प्रश्न आम्हांला पडला. नातवाने तो आमच्यादेखत सोडवून दाखविला. तांडेलांनी दोन घास घेतले आणि पुडा सूनबाईंकडे परत केला.

प्रथम दक्षिणेकडे भीमबेटकास गेलो. मंडीदीपचे कारखाने मागे पडले, की ओबेदुल्लागंजच्या पुढे सागाची झाडी सुरू होते, आणि डोंगराच्या माथ्यावर वाळूच्या दगडाचे प्रचंड खडक किल्ल्याच्या भिंतींसारखे दिसू लागतात. त्या खडकांच्या कपारींतून हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी चित्रे काढून ठेवली आहेत. ती जगापुढे आणणारा गृहस्थ आपल्यापैकी, मराठी होता, हे वाचकांस ऐकून संतोष होईल. उज्जैनचे डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर 1957 साली आगगाडीने या बाजूने चालले होते. खिडकीतून हे खडक दिसताच, युरोपात चित्रे सापडतात तसलेच हे खडक आहेत, असे त्यांच्या मनाने घेतले. ते तेथे जाऊन पोहोचले आणि सारे आयुष्य त्या कामाला लावून बसले. आज या टापूत सातशेंहून अधिक आश्रयस्थाने मोजली गेली आहेत. 2003 साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. सभोवारचे रातापानी अभयारण्य डिसेंबर 2024 मध्ये व्याघ्र प्रकल्प झाले, तेव्हा त्याला वाकणकरांचेच नाव देण्यात आले. आगगाडीच्या खिडकीतून बाहेर पाहणारे प्रवासी लाखो असतात. आम्ही स्वतः त्याच मार्गावर एकदा झोपून गेलो आहोत.

एका मोठ्या खडकावर प्राण्यांची इतकी गर्दी आहे, की त्याला प्राणिसंग्रहालयच म्हणतात. हत्ती, सांबर, गवे, हरणे, एकावर एक, एका पिढीच्या चित्रावर दुसऱ्या पिढीचे. रंग पांढरा आणि तांबडा. नातू मोजू लागला आणि मध्येच चुकला. तांडेल मात्र हात पाठीमागे बांधून, शेजाऱ्याच्या घरी मांडलेल्या वस्तू पाहाव्यात तसे पाहत होते. पुढे एका कपारीत शिंगे असलेल्या विलक्षण रानडुकराचे तांबडे चित्र आहे. ते एका माणसाच्या पाठीस लागले आहे. त्याच्याजवळच्या एका आकृतीपाशी मात्र तांडेल एकदम थांबले.

"ही चिंबोरी आहे."

मुलगा म्हणाला, "बाबा, इथे डोंगरावर चिंबोरी कुठून येणार?"

"नदीत असते. गोड्या पाण्याची. पाय बघ." वाटाड्यानेही मान डोलावली, येथील लोक त्या आकृतीला खेकडाच म्हणतात, असे तो म्हणाला. गेल्या कित्येक दिवसांत तांडेलांचे म्हणणे कोणी असे बिनशर्त मान्य केले नसावे. ते खडकावरून उतरले तेव्हा नातवाचा हात त्यांनी धरलेला होता. चढताना नातवाने त्यांचा धरला होता.

येथेच एक गमतीची गोष्ट सांगतो. भीमबेटकाच्या मोठ्या गुहेच्या छताशी विद्वानांना एक ठसा दिसला, आणि तो पंचावन्न कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याचा असल्याचे त्यांनी 2021 साली प्रसिद्ध केले. सगळीकडे वार्ता झाली. दोन वर्षांनी दुसऱ्या विद्वानांनी जवळून तपासले, तो ती आग्या मोहोळाची गळून पडलेल्या पोळ्याची खूण निघाली! पहिल्या विद्वानाने आपली चूक मोकळेपणाने मान्य केली, हे विशेष. ही हकीकत आम्ही मोटारीत सांगितली तेव्हा तांडेल प्रथमच हसले. म्हणाले, "आमच्या गावच्या पोराने ते खालूनच ओळखले असते."

परतीच्या वाटेवर एका ढाब्यावर जेवलो. दाल-बाफला हा माळव्याचा पदार्थ. कणकेचे गोळे आधी पाण्यात उकडतात, मग निखाऱ्यावर भाजतात आणि फोडून तुपात बुडवितात. एक खाल्ला की दुपारची झोप ठरलेली. तांडेलांनी एक पुरता खाल्ला. सूनबाईंनी आमच्याकडे पाहिले आणि काही बोलल्या नाहीत.

तेथून भोजपूर. बेतवा नदीच्या काठी परमार राजा भोजाने अकराव्या शतकात एक शिवमंदिर बांधावयास घेतले आणि ते अपुरेच राहिले. आतील शिवलिंग एकाच दगडाचे, पुरुषभर उंचीहून मोठे, आणि त्याचे जोते तर माणसाच्या कित्येक हात वर. भाविकांची रांग होती. आम्ही चपला बाहेर ठेवून एका बाजूने सावकाश पाहिले. मंदिरामागे दगड वर चढविण्यासाठी केलेला मातीचा उतार अजून तसाच आहे. भोवतालच्या सपाट खडकांवर कारागिरांनी कोरलेले खांबांचे व कमानींचे आराखडे आहेत. काम का थांबले, ते कोणी लिहून ठेवलेले नाही. उद्या सकाळी पुन्हा यावयाचे म्हणून माणसे हत्यारे ठेवून गेली असावीत, असे ते दृश्य वाटते.

परंतु आम्हांला वाचकांस सांगावयाचे आहे ते मंदिराविषयी नव्हे, तर तेथून न दिसणाऱ्या गोष्टीविषयी. भोजपूरजवळ दगडी बांधांचे अवशेष आहेत. डोंगरांच्या खिंडी या बांधांनी अडवून राजा भोजाने येथे एक तलाव केला होता. किंकेड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1888 साली या प्रदेशाविषयी लेख लिहिला. त्यात त्याने या तलावाचा विस्तार सुमारे अडीचशे चौरस मैल धरला आहे. आजच्या हिशेबाने साडेसहाशे चौरस किलोमीटर! तो तलाव नव्हता, गोड्या पाण्याचा समुद्रच होता. मंडीदीप हे नावसुद्धा 'द्वीप' या शब्दावरून, ते त्या पाण्यातील बेट होते म्हणून पडले, असे लोक सांगतात. म्हणजे सकाळपासून आमची मोटार ज्या शेतांतून, कारखान्यांतून आणि पेट्रोलपंपांवरून धावत होती, तो पुष्कळसा समुद्राचा तळ होता.

पंधराव्या शतकात मांडूचा सुलतान होशंगशाह याने हा बांध फोडला. गोंड लोकांत एक आख्यायिका आहे, ती किंकेडने टिपून ठेवली: बांध फोडावयास सुलतानाच्या फौजेला तीन महिने लागले, पाणी ओसरावयास तीन वर्षे लागली, आणि तळाची जमीन माणसाने राहण्याजोगी होण्यास तीस वर्षे लागली.

हे आम्ही मंदिराच्या ओट्यावर बसून सांगत होतो. तांडेल नदीकडे पाहत होते. पुष्कळ वेळाने ते म्हणाले, "तीस वर्षे चिखल. मग त्यात मासे मारणारे काय खात होते?"

आम्ही निरुत्तर झालो. राजाचे नाव राहिले, सुलतानाचे राहिले, साहेबाचेही राहिले. त्या पाण्याच्या काठाने नक्कीच होड्या असतील, जाळी वाळत असतील, आणि एका पावसाळ्यात पाणी परत भरले नाही तेव्हा कोणी म्हातारा काठावर बसून राहिला असेल. त्याच्याविषयी एक अक्षर नाही. आम्ही आमची तयार केलेली बोलणी येथे काढावीत असा मुलाने डोळ्यांनी इशारा केला. आमच्याने बोलवले नाही.

दुपार कलता शहरात परतलो आणि वनविहारात गेलो. मोठ्या तलावाच्या काठावरील ही 445 हेक्टरांची जागा 1983 साली राष्ट्रीय उद्यान झाली. एका बाजूस पाणी आणि एका बाजूस टेकडी, मध्ये चितळ, नीलगाय आणि काळवीट मोकळे फिरतात. वाघ, बिबटे, अस्वले मोठ्या कुंपणांत असतात, आणि त्यांतील पुष्कळशी कुठे ना कुठे संकटात सापडलेली, अनाथ किंवा जखमी म्हणून आणलेली आहेत. वाघोबांनी आम्हांला फक्त शेपटी दाखविली. मगरींनी तेवढेही श्रम घेतले नाहीत.

अस्वलांपाशी मात्र आम्ही रेंगाळलो. पूर्वी कलंदर लोक नाकात दोरी ओवून अस्वलांचे खेळ करीत गावोगाव फिरत. आमच्या लहानपणी आमच्या गावीही एक आले होते आणि आम्ही टाळ्या वाजविल्या होत्या, हे आज सांगावयास संकोच वाटतो. तो प्रकार कायद्याने बंद झाला. सोडविलेल्या अस्वलांसाठी येथे निवारा केला आहे, आणि कलंदरांना दुसरे उद्योग मिळावेत म्हणूनही खटपट झाली. एक म्हातारे अस्वल सावलीत उभे राहून डोके डावीकडे-उजवीकडे हलवीत होते. दोरी नाही, डमरू नाही, तरीही हलवीत होते. नातवाने विचारले, "ते का नाचते?" आम्ही काही सांगण्यापूर्वी तांडेलच म्हणाले, "इतकी वर्षे केले ना. अंगाला सवय राहते."

मुलाने हे ऐकले. तो थोडा पुढे जाऊन पाण्याकडे तोंड करून उभा राहिला.

आता तलावाविषयी. हाही भोजाचाच. कोलांस नदीला मातीचा बांध घालून केलेला, सुमारे हजार वर्षांचा. भोजपूरचा समुद्र आटला आणि हा धाकटा भाऊ उरला. पूर्ण भरला म्हणजे याचा पसारा एकतीस चौरस किलोमीटरच्या आसपास असतो. 1965 साली भदभदा येथे अकरा दरवाजांचे धरण बांधून त्याची धारणशक्ती वाढविली. 2002 साली याला व शेजारच्या छोट्या तलावाला मिळून रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा मान मिळाला. शहराच्या पुष्कळ घरांत याचेच पाणी नळाने येते. सूनबाई रोज जो भात शिजवितात, त्यात राजा भोजाचा वाटा आहे, असे आम्ही म्हटले. त्या हसून म्हणाल्या, "मग बाबांना सांगा, राजाचा भात टाकू नका."

हिवाळ्याची सुरुवात असल्याने पाहुणे पक्षी उतरू लागले होते. पाणकावळे खुंटांवर पंख वाळवीत बसले होते. पश्चिमेकडच्या शेतांच्या बाजूस सारस असतात. माणसाच्या उंचीचा तो पक्षी पाहण्याची आमची फार इच्छा होती, पण तो योग आला नाही. काठावर एक बाई उकडलेले शिंगाडे विकत होती. काळ्या सालीचे, आत पिठूळ गोड. ते सोलत आम्ही दगडांवर बसलो. सूर्य पाण्यावर टेकला होता आणि पलीकडचा किनारा धुक्यात बुडाल्यामुळे खरोखरच अपार पाणी भासत होते. दूर एका होडीत उभा राहून कोणी जाळे ओढीत होता.

तांडेल उठले, पायऱ्या उतरले, वाकून हात पाण्यात बुडविला आणि जन्माच्या सवयीने बोट ओठांना लावले. काही क्षण तसेच उभे राहिले. मग वर येऊन आमच्या शेजारी बसले.

"नैर्ऋत्येचा वारा नाही. उत्तरेचा आहे," ते म्हणाले. "आज कळला."

आणि लगेच, आवाज न बदलता, "फादर, पोराने तुम्हांला मला समजवायला बोलावले ना?"

आम्ही होय म्हटले. मुलगा चार हातांवर होता. तोही जवळ आला.

"तो खोटा नाही," तांडेल म्हणाले. "त्या रात्री मी पडलो होतो, मला ठाऊक आहे. सकाळ होत नव्हती. पण घर बंद केले तर मी कुठला? तुम्ही तीस वर्षे चिखल म्हणालात. माझ्याजवळ तेवढी नाहीत."

मुलगा म्हणाला, "बाबा, पुन्हा पडलात आणि दूधवालाही आला नाही तर?" त्याचा गळा दाटून आला होता. कारखान्यात अवजड यंत्रे हलविणारा तो माणूस; आम्ही त्याला असे कधी पाहिले नव्हते.

आमच्या खिशातील प्रवचन तेथेच राहिले. आम्ही एवढेच विचारले, की तांडेल, समुद्र बंद असतो तेव्हा तुम्ही गावी काय करता? ते म्हणाले, काही नाही. जून-जुलैत मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, किनाऱ्यावर कुत्रे नाही. "मग ते दिवस इथे काढा," सूनबाई एकदम म्हणाल्या. "पावसातच तर पडलात. उन्हाळा संपण्याआधी या, नारळी पौर्णिमेला जा. आणि गावी रात्रीला पुतण्या पडवीत झोपेल, तरच." हा 'तरच' त्यांनी असा उच्चारला, की आम्हीसुद्धा सावरून बसलो. इतक्या दिवसांत ही साधी वाट दोघा पुरुषांना आणि एका पुरोहिताला सुचली नव्हती.

बापलेक दोघेही पाण्याकडे पाहत राहिले. होकार कोणीच दिला नाही. नकारही दिला नाही.

घरी जाताना जुन्या शहरात चहा घेतला. भोपाळात चहात मीठ घालतात. आम्हांला कोणी सांगितले नव्हते, आणि पहिल्या घोटाला आमचे जे तोंड झाले त्यावर नातू बाकावर लोळून हसला. तांडेलांनी मात्र घोट घेतला, पेल्याकडे पाहिले, पुन्हा घेतला. "अजब गाव आहे," ते म्हणाले. "समुद्रात मीठ नाही, आणि चहात आहे." पेला पुरता संपविला आणि दुसरा मागितला.

वाटेत मुलाने तलावाचा म्हणून एक रोहू घेतला. रात्री सूनबाईंनी चिंच घालून त्याचे कालवण केले. तांडेलांनी दोन वेळा भात घेतला आणि जेवताना सबंध वेळ त्या माशाला नावे ठेवली: गोड्या पाण्याचा, चिखलाच्या वासाचा, काट्यांनी भरलेला, बोंबलाची सर नाही. आम्ही पाहिले, सूनबाईंचे डोळे ओले झाले होते, आणि त्या वाढतच होत्या.

आम्ही आमचे परतीचे तिकीट एकट्याचे काढले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाने फोनवर त्याच गाडीचे आणखी एक काढले. खालची जागा मिळाली. पुढच्या मे महिन्याच्या तिकिटाची विक्री मात्र साठ दिवस आधीच सुरू होते. तेव्हा तांडेलांनी नव्या वर्षाची दिनदर्शिका खुंटीवरून काढली, चष्मा लावला, मार्चच्या पानावर पेन्सिलीने एक फुली केली आणि ती नातवाला दाखवून, त्या दिवशी बापाला आठवण करण्याचे काम त्याच्यावर सोपविले.